वाटीऐवजी डिस्क

माझं काम चुका शोधण्याचं आहे. मी सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम कुठे अडतो, कुठे तोंडावर आपटतो ते हुडकून काढायचं आणि त्यांच्या पदरात घालायचं. प्रोग्रॅम लिहिणारी मुलं एक वाक्य हमखास म्हणतात, "पण माझ्या मशीनवर तर चालतंय." त्यावर मी ज्या नजरेने बघते तिची ऑफिसात नक्कल होते असं माझ्या कानावर आलंय. तुझ्या मशीनवर चाललं म्हणजे जगात चाललं का रे, असं मी विचारते आणि तो दुरुस्तीला लागतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात हा प्रश्न मला विचारायला कुणी नव्हतं.

आम्ही सिकंदराबादजवळच्या नल्लकुंट्याचे. माझे आजोबा मराठवाड्यातली शेती भावाच्या हवाली करून इकडे आले, तेव्हा तिकडचं आणि इकडचं एकच राज्य होतं. बाबांनी सिकंदराबादला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात जन्म काढला. मी एकुलती एक. लग्न झालं, मोडलं, परत नल्लकुंट्याला आले. त्याबद्दल इथे जास्त काही नाही.

आईचं भजनी मंडळ होतं. ती आणि तिच्या अकरा मैत्रिणी, दर शुक्रवारी दुपारी चार ते सहा, आमच्याच हॉलमध्ये. त्यातल्या एक काकू बरकतपुऱ्याहून रिक्षातून हार्मोनियम घेऊन यायच्या, म्हणून त्या पेटीवाल्या काकू. आई झांजा वाजवायची आणि गायची. आवाज फार गोड होता असं नाही. जरा जाडसर होता, पण सुराला पक्का, आणि बाकीच्या अकराजणी त्या आवाजाला धरून चालायच्या.

बाबांना या सगळ्यात गाणं कळत नव्हतं, यंत्र कळत होतं. माझ्या मामेभावाने दुबईहून एक हार्ड डिस्क रेकॉर्डर आणून दिला होता. टीव्हीखाली बसणारा, काळा, पसरट डबा. आत हार्ड डिस्क, समोर डीव्हीडी घालायचं तोंड. टीव्हीवरचं किंवा कॅमेऱ्यातलं काय हवं ते आत साठवायचं आणि मग वाटेल तेव्हा डिस्कवर उतरवून घ्यायचं. बाबांनी त्याचं जाडजूड माहितीपुस्तक पट्टी लावून, पेन्सिलीने खुणा करत, परीक्षेला बसल्यासारखं वाचलं. मग शुक्रवारचं भजन साठवायला सुरुवात केली. दाराच्या कोपऱ्यात तिपाई, तिपाईवर कॅमेरा, कॅमेऱ्यातून डब्यापर्यंत वायर, आणि मागे लाकडी खुर्चीवर बाबा. आठ वर्षं एकही शुक्रवार त्यांनी चुकवला नाही. ताप असला तरी मफलर गुंडाळून बसायचे.

आई जुन्या वळणाची. चारचौघींतच काय, माझ्यासमोरही बाबांशी थेट बोलायची नाही. त्यांना काही सांगायचं असलं तर मला मध्ये घालायची, "बाबांना सांग, दूध आणायचंय," आणि बाबा दोन हातांवर बसलेले असायचे. फक्त शुक्रवारी शेवटचं भजन संपलं, झांजा खाली ठेवल्या, की ती कॅमेऱ्याकडे वळून म्हणायची, "अहो, बंद करा आता." बाबा ऐकू न आल्यासारखं करायचे. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. मग ती एक पट्टी वर चढवून पुन्हा म्हणायची आणि बाबा बटण दाबायचे. बायका चपला शोधत निघून जायच्या आणि आई पुन्हा मला मध्ये घालून बोलायला लागायची.

आई पंधरा दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन गेली. कुणालाच काही करता आलं नाही, तिलाही नाही.

तिचं वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा वाट्यांचा विषय निघाला. आमच्याकडे गेलेल्या माणसाची आठवण म्हणून जवळच्यांना स्टीलचं भांडं देतात. वाटी, पेला, डबा, काहीही, आणि त्यावर मशीनने कोरून नाव घालायचं आणि पुढे 'यांच्या स्मरणार्थ'. आमच्या घरात अशी इतकी भांडी साठली आहेत की कुणाच्या तरी काकांच्या स्मरणार्थ आमटी आणि कुणाच्या तरी सासूच्या स्मरणार्थ ताक असं आमचं रोजचं जेवण असतं. मी म्हटलं, "बाबा, अकरा वाट्या सांगून येऊ का?"

"वाट्या नक्को," बाबा म्हणाले. "वाटी काय बोलती का? डब्यात आई आहे की. ती उतरव आणि एकेक सीडी दे प्रत्येकीला."

बाबा शेवटपर्यंत डीव्हीडीला सीडीच म्हणत आले. मला ती कल्पना आवडली. पण ऑफिसात तेव्हा कामाचा डोंगर होता आणि मला एकच शनिवार-रविवार मोकळा मिळाला.

आठ वर्षांचे शुक्रवार म्हणजे शेकडो तास. मी थोडं इकडून, थोडं तिकडून बघितलं. तीच भजनं, त्याच बायका, त्याच साड्या. चार शुक्रवारांतली चांगली भजनं निवडून दोन तासांची एक डिस्क करायची आणि तिच्या बारा प्रती काढायच्या, अकरा मैत्रिणींना आणि एक बाबांना, असं मी ठरवलं. मग छाटाछाट सुरू केली. सुरुवातीची खुडबुड, मधला खोकला, कुणाच्या तरी नातीचं रडणं आणि शेवटी भजन संपल्यावरचं सगळं कापून टाकलं. रिमोटने इथे एक खूण करायची, तिथे एक खूण करायची आणि मधलं पुसायचं. डबा जुना होता, खुणा अर्धा-एक सेकंद मागेपुढे पडायच्या, पण एकंदरीत फार नीटस काम होतंय असं वाटून मी खूश होते.

डिस्क भरून झाली की डबा दर वेळी एक प्रश्न विचारायचा. फायनलाइज करायचं का? हो की नाही? हो म्हटलं तर आणखी सात-आठ मिनिटं खायचा. बारा डिस्क, प्रत्येकीला ती जास्तीची मिनिटं. पहिल्या डिस्कला मी नाही म्हटलं आणि तीच परत डब्यात घालून बघितली. आई दिसली, गायली, काही अडलं नाही. मग पुढच्या अकरांनाही मी नाही म्हटलं.

बाबा मध्ये एकदा येऊन मागे उभे राहिले. "काय करायलीस? पुस्तक बघितलंस का? मी खूण करून ठेवलीय त्यात."

"बाबा, हे माझं रोजचं काम आहे," मी म्हटलं. मान वळवूनसुद्धा बघितलं नाही.

"हौ, ते बी खरंय," म्हणून ते चहा टाकायला गेले.

बाराच्या बारा डिस्क मी तपासल्या. एकूण एक. त्याच डब्यात.

वर्षश्राद्धाच्या दिवशी जेवणं झाल्यावर बाबांनी स्वतः उठून प्रत्येकीच्या हातात डिस्क दिली. पांढऱ्या कागदी पाकिटावर त्यांनी मार्करने फक्त 'शुक्रवार' असं लिहिलं होतं. अकराही जणींचे डोळे भरून आले. आपली डिस्क मात्र बाबांनी आईच्या साड्यांच्या कपाटात, तिच्या जांभळ्या इरकलीखाली ठेवून दिली. म्हणाले, "मला आत्ता नाही बघवायचं. मन झालं की सांगीन."

महिन्याभराने पेटीवाल्या काकू भाजीबाजारात भेटल्या. मी विचारण्याआधीच म्हणाल्या, "बघितली हो डिस्क. फार छान निघालीय. आई अगदी समोर बसल्यासारखी वाटली." हे त्या माझ्याकडे न बघता, वांगी निवडत बोलल्या. मला वाटलं, रडू येत असेल. मी घरी येऊन बाबांना सांगितलं आणि बाबा दिवसभर खुशीत होते.

त्यानंतर आम्ही भिंतीवर लावायचा मोठा टीव्ही घेतला. डबा त्याला जोडता येईना. कोठीच्या बाजारात एक दुरुस्तीवाले आहेत, जुनी यंत्रं घेऊन त्यांचे भाग वापरतात. त्यांना द्यायचं ठरलं. देण्याआधी हार्ड डिस्क पुसायची हे माझ्या धंद्यातलं पहिलं शिक्षण. घरातलं काही परक्याच्या हाती जाऊ नये. बाबांनी दारातून विचारलं, "सगळं उतरवलंस ना गं?"

मी म्हटलं, "हो बाबा." आणि पुसून टाकलं. आठ वर्षांचे शुक्रवार पुसायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही, हे लिहिताना आज लाज वाटते. वाटलं होतं की सार तर डिस्कवर आहेच, उरला तो चोथा.

मग मी एक साधा डीव्हीडी प्लेअर आणला. बाबांचं मन कधी होईल सांगता येत नव्हतं, सगळं तयार असावं. बाबा संध्याकाळी फिरायला गेले असताना त्यांची डिस्क गुपचूप काढली आणि लावून बघितली. सवयच ती. पडद्यावर आलं, डिस्क नाही. पुन्हा लावली, पुसून लावली. लॅपटॉपमध्ये घातली, तर तो म्हणाला, कोरी आहे.

बाबांनी ते माहितीपुस्तक टाकलं नव्हतं. मध्ये एका पानाला रेल्वेचं जुनं पुठ्ठ्याचं तिकीट लावलेलं होतं. मी ते पान उघडलं. पट्टी लावून मारलेली पेन्सिलीची सरळ रेघ, आणि रेघेच्या वर लिहिलेलं की फायनलाइज केल्याशिवाय ही डिस्क ज्या यंत्रात भरली त्याच यंत्रात चालेल, दुसऱ्या कशात नाही. लोणचं घालून वरून तेल न ओतता बरणी मांडून ठेवावी, तसं मी बारा वेळा केलं होतं. आणि ते एक यंत्र मी स्वतःच्या हाताने देऊन बसले होते.

मग वांगी आठवली. काकूंनी काहीच बघितलेलं नव्हतं. अकराजणींपैकी एकीच्याही घरी आई गायली नव्हती आणि एकीनेही तोंडातून शब्द काढला नव्हता.

त्याच आठवड्यात कोठीला जायला हवं होतं. बाबांसमोर बसून सांगायला हवं होतं. मी दोन्ही केलं नाही. इंटरनेटवर असली डिस्क वाचायचे उपाय होते, ते करण्यात दोन रविवार घालवले. लॅपटॉप कोरी ती कोरीच म्हणत राहिला. मग मी डिस्क परत जांभळ्या इरकलीखाली ठेवली आणि तो विषयच झाकून टाकला. स्वतःला सांगितलं, बाबा मागतील तेव्हा बघू. दुसऱ्याच्या चुकीचा पंचनामा मी तासाभरात लिहून काढते. स्वतःच्या चुकीवर चार वर्षं बसून राहिले.

बाबांनी मागितली. पहिल्यांदा मागितली तेव्हा मी सांगितलं, प्लेअर बिघडलाय. काही महिन्यांनी मागितली तेव्हा म्हटलं, वायर मिळत नाही. तिसऱ्यांदा म्हटलं, ऑफिसचं जरा आटपू दे. प्रत्येक वेळी ते म्हणायचे, "हौ, सबर करू की. आई कुठं पळून चाललीय?" आणि पेपर उघडायचे. एकदा जरी चिडले असते तर मी सगळं ओकून टाकलं असतं. माझा राग माझ्या आईकडून आलाय, बाबांना तो देवाने दिलाच नाही, आणि त्याचा मी सरळ फायदा घेतला.

दरम्यान बाबांना कमी ऐकू यायला लागलं. आधी टीव्हीचा आवाज वाढला. मग फोनवर ते भलत्याच प्रश्नांची उत्तरं द्यायला लागले. मग एक दिवस कुकर सात शिट्ट्या होऊन करपला आणि ते शेजारच्या खोलीत बसून शब्दकोडं सोडवत होते. कोठीतल्या कानाच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासून मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की डावा गेल्यासारखाच आहे, उजवा हळूहळू चाललाय. यंत्र देऊ, थोडे दिवस मदत होईल. पण आवाज कळला तरी बोलणं कळेलच असं नाही.

परतताना रिक्षात बाबा बाहेरच्या पाट्या वाचत बसले होते. त्यांना सांगितलं नव्हतं, पण माझ्या तोंडाकडे बघून कळलं असणार. नल्लकुंटा जवळ आल्यावर म्हणाले, "एक काम कर बाई. कान आहेत तवर आईची ती सीडी एकदा लाव. मागून लावून काय उपयोग?"

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि कोठी गाठली. दुरुस्तीवाल्या चाचांनी मला ओळखलं. पांढरी दाढी, कपाळावर भिंग. मी डबा विचारला तेव्हा म्हणाले, "हौ मॅडम, है ना. परसोंच दिए थे आप." त्यांच्या परसोंला साडेचार वर्षं झाली होती. डबा खरोखरच होता, माळ्यावर, पंख्यांच्या पात्यांखाली. पण आतली हार्ड डिस्क नव्हती. ती त्यांनी एका अपार्टमेंटच्या सीसीटीव्हीत बसवली होती. म्हणजे जिथे आई आठ वर्षं गात होती तिथे आता कुणाच्या तरी फाटकातून गाड्या आत-बाहेर जात होत्या.

मी त्यांना सगळं सांगितलं. घरच्यांना सांगितलं नव्हतं ते त्या परक्या माणसाला भडाभडा सांगितलं. "डिस्क पक्की नहीं किए आप," ते म्हणाले. "होता ऐसा. जल्दी में होता. मशीन चालू करके देता मैं, पर टाइम लगता. लेन्स भी गई है इसकी."

टाइम लागला. लेन्स दिल्लीहून येणार होती, आली ती भलतीच. मी दर शनिवारी जाऊन बसायचे आणि चाचा मला चहा पाजायचे. पाच महिने गेले. त्या पाच महिन्यांत बाबांनी कानाचं यंत्र लावलं, वैतागून काढलं, परत लावलं. मी मोठ्याने बोलायला शिकले. मग आणखी मोठ्याने. मग महत्त्वाचं काही असलं तर पाटीवर लिहून दाखवायला लागले. डब्याची वाट बघता बघता त्यांचा कान माझ्या डोळ्यांदेखत चालला होता, आणि ती चार वर्षं मला एकेका शनिवारी टोचत होती.

शेवटी डबा सुरू झाला. मी बाबांची डिस्क कपाटातून काढून नेली. डांबरगोळ्यांमुळे की नुसत्या वयामुळे कोण जाणे, तिच्यावर एक धुरकट थर चढला होता. चाचांनी ती तीन वेळा लावली, उन्हात धरून बघितली आणि परत माझ्या हातात दिली. "इसमें जान नहीं है मॅडम. दूसरी है क्या?"

दुसऱ्या अकरा होत्या, अकरा घरांत. अकरापैकी तिघी गेल्या होत्या, दोघी मुलांकडे परदेशी होत्या. मी बरकतपुऱ्याला पेटीवाल्या काकूंकडे गेले. त्या आता काठी घेऊन चालतात. मला बसवलं, चिवडा पुढे केला. मी चिवड्याला हात न लावता म्हटलं, "काकू, ती डिस्क तुमच्याकडे लागली नव्हती ना?"

काकूंनी चिवड्याची बशी बाजूला सरकवली. "कुणाकडेच लागली नव्हती गं. दुसऱ्याच शुक्रवारी आम्ही जमलो तेव्हा कळलं. आधी प्रत्येकीला वाटलं आपलंच मशीन खराब. मग आम्ही ठरवलं, तुझ्या बाबांना कळू द्यायचं नाही. किती हौसेने दिली होती त्यांनी. मीच म्हटलं, मी छान म्हणून सांगते पोरीला."

"मला तरी सांगायचं होतंत."

"तुलाच कसं सांगणार? आई गेलेली, त्यात तू एवढं खपून केलेलं." मग त्या हसल्या. "वाटी दिली असतीस तर निदान आमटीला झाली असती."

खरं सांगते, त्या एका वाक्याने मला जरा बरं वाटलं. कुणीतरी टोचून बोलावं म्हणून मी इतकी वर्षं ताटकळले होते. काकू उठल्या, पेटीचं झाकण उघडलं आणि आतून पांढरं पाकीट काढलं. बाबांच्या अक्षरातलं 'शुक्रवार' अजून ठसठशीत होतं. "चालत नाही म्हणून काय टाकून द्यायची?" त्या म्हणाल्या. "आणि त्यात शेवटी ती तुझ्या बाबांवर ओरडते ते ठेवलंयस ना? अहो, बंद करा आता. अगं, आम्ही भजनाला कमी आणि त्यालाच जास्त यायचो."

मी पाकीट पर्समध्ये ठेवलं. भजन संपल्यावरचं सगळं मी कापलं होतं, चारही शुक्रवारांतलं, खोकल्याबरोबर आणि रडणाऱ्या नातीबरोबर. आई आयुष्यभरात बाबांशी चारचौघींसमोर जेवढं बोलली ते तेवढंच होतं. ते मी चोथा म्हणून फेकलं, वर हार्ड डिस्कही पुसली. फायनलाइजची चूक निदान दुरुस्त होण्यासारखी होती.

काकूंची डिस्क चाचांच्या डब्यात चालली. या वेळी डब्याने विचारलं आणि मी हो म्हटलं. एक पट्टी डावीकडून उजवीकडे भरत गेली. सात-आठ मिनिटंच लागली. चाचांनी ती दुसऱ्या एका प्लेअरमध्ये घातली, मग तिसऱ्या. दोन्हीकडे आई दिसली. त्यांनी मोबदला घ्यायला नकार दिला. "अम्मा है ना," एवढंच म्हणाले.

मी ठरवलं होतं की आधी डिस्क दाखवायची आणि मग बाबांना सगळं सांगायचं. बाबांनीच दिवस निवडला, शुक्रवार, दुपारी चार. ते स्वच्छ शर्ट घालून, कानात यंत्र घालून, त्याच लाकडी खुर्चीवर बसले. मी डिस्क लावली. हॉलमध्ये आमचाच हॉल दिसायला लागला, जुन्या पडद्यांसकट. आई झांजा घेऊन मध्यभागी.

"आवाज वाढव," बाबा म्हणाले.

मी वाढवला. परत वाढवला. शेवटी इतका वाढवला की वरचा भाडेकरू जिन्यात येऊन डोकावून गेला. बाबा यंत्र दाबत होते, मान तिरपी करत होते, उजवा कान टीव्हीकडे नेत होते. "गलबला ऐकू येतो," ते म्हणाले. "तिचा कुठला ते कळंना." दहा मिनिटांनी त्यांनी यंत्र काढून शर्टाच्या खिशात टाकलं आणि नुसतं बघत बसले. त्यांचा अंगठा खुर्चीच्या हातावर ठेका धरत होता. ते तिच्या हातांकडे बघून ताल धरत होते, आणि एकदाही चुकले नाहीत. दोन तास मी त्यांच्या शेजारी बसून ते सगळं ऐकलं. आवाज लख्ख होता. चार वर्षांपूर्वी लावली असती तर शब्दन्‌ शब्द त्यांना ऐकू आला असता.

शेवटचं भजन संपलं. आईने झांजा खाली ठेवल्या. त्या डब्याच्या खुणा अर्धा-एक सेकंद मागेपुढे पडायच्या हे मी मघाशी सांगितलं. त्यामुळे तेवढा एक तुकडा राहून गेला होता. तिने मान वळवली, सरळ कॅमेऱ्याकडे, म्हणजे बाबांकडे बघितलं, ओठ उघडले, आणि पडदा निळा झाला.

बाबा खुर्चीत पुढे सरकले. माझ्याकडे वळून म्हणाले, "बोलली ना? काय म्हणाली?"

मला तेव्हा सगळं सांगायचं होतं. पण ऐकू न येणाऱ्या माणसापुढे कबुली द्यायची तर ती ओरडून द्यावी लागते, किंवा पाटीवर लिहावी लागते. पाटी समोरच होती, खडूही होता. बाबा वाट बघत होते. मी उठले, वाकून त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं. 'अहो' हा शब्द बाबांना उद्देशून मी जन्मात उच्चारला नव्हता. मग आईच्या वरच्या पट्टीत ओरडून सांगितलं, "अहो, बंद करा आता."

बाबा हसले. नेहमीसारखे थोडा वेळ ऐकू न आल्यासारखं करून बसले. म्हणून मला दुसऱ्यांदा ओरडावं लागलं. मग त्यांनी रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.